आईचं माहेरचं आडनाव

मे महिन्यातली दुपार. कूलरमध्ये चार बादल्या ओतून
नुकतीच पाठ टेकली होती, तेव्हा त्याचा फोन आला.
आवाज गोड. नागपूरचा नसणार,
इथला माणूस एवढं मॅडम मॅडम करत नाही.

कार्ड संध्याकाळी बंद पडेल म्हणाला.
जन्मतारीख विचारली. मोबाइलवर आलेले सहा आकडे विचारले.
मग जरा थांबून,
तुमच्या आईचं माहेरचं आडनाव?

चाळीस वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं.
तिच्या तेरवीच्या पत्रिकेवरही सासरचंच छापलं होतं.
पराते, मी म्हटलं.
तिथेच थांबायला हवं होतं.
पण मी सांगत गेले: गोळीबार चौकातलं घर,
दिवसभर मागाची खटखट,
दारात बसून कांड्या भरणारी
आठ वर्षांची माझी आई.
तो ऐकत होता. मधूनमधून अच्छा, अच्छा.
तेवढ्यात त्याने माझ्या नावावर
चौऱ्याऐंशी हजार तीनशे रुपये उडवले.

बँकेला फोन लावला. सूर वाजले, जाहिरात वाजली,
मग एक मुलगी म्हणाली, ओळख पटवावी लागेल.
आईचं माहेरचं आडनाव?
पराते.
सॉरी मॅडम, जुळत नाही.
पराते, प पतंगाचा.
आजच बदललंय मॅडम, तुम्हीच बदललंय.
काय केलंय मग?
ते सांगता येणार नाही. गोपनीय आहे.

सायबर ठाण्यात लोणारे नावाचा पोरगा,
डबा अर्धवट उघडा, टेबलावर सांबारवडीचा वास.
काकू, अंगठा ठेवा.
यंत्र लाल झालं. पुन्हा लाल.
घासला तुमचा अंगठा, म्हणाला, थोडं खोबरेल लावून या.

एकतीस वर्षं मी पोस्टात होते, बचतीच्या खिडकीवर.
नोटा मोजून, पानं उलटून, शिक्के मारून
तिथेच कुठेतरी घासला असेल.
सह्या जुळवणं माझं काम.
कवडू मेश्राम यायचे, गिरणीतून रिटायर.
त्या दिवशी चार वेळा सही केली,
चारही वेळा त्यांचा डू वेगळ्याच बाजूला घसरला.
मी पुस्तक परत सरकवलं.
बाई, ते म्हणाले, मी मीच व्हय.
सही म्हातारी झाली.
साक्षीदार आणा, मी म्हटलं, आणि पुढच्याला बोलावलं.

मग महिन्याचा हिशेब आला.
त्यात मी गुरुग्रामला एक रात्र हॉटेलात राहिले,
नऊ नंबरचे धावायचे बूट घेतले,
दोन मोबाइल, दाढीचं यंत्र,
आणि तीनशे एकोणपन्नास रुपयांच्या
पाळण्यावर टांगायच्या कापडी चिमण्या.
बुटांचा राग आला. हॉटेलचा आला.
चिमण्यांचा येईना.
रात्री दोनला उठून पाणी प्यायले
तेव्हा त्यांचाच सगळ्यात जास्त आला.

पैसे अर्धे परत मिळाले. बाकीच्याची चौकशी सुरू आहे,
म्हणजे फाइल लोणारेच्या डब्याखाली आहे.

नवं कार्ड आलं. नवा प्रश्न निवडा.
पहिली शाळा, आवडता पदार्थ, पाळलेल्या प्राण्याचं नाव.
खोटं लिही आई, मुलगा पुण्याहून म्हणाला,
खरं उत्तर कोणालाही सापडतं.
खरं आहे. मीच सापडून दिलं होतं.

शाळेच्या रकान्यात मी लिहिलं, कवडू.
यंत्राने लगेच मानलं. साक्षीदार मागितला नाही.

आता हेही तुम्हाला सांगून बसले.
तुम्ही ऐकताही किती छान.
थांबा, आधी ते बदलून येते.